कुंभकोणमचा उमेदवार



१९१० सालची गोष्ट. कुंभकोणमचा एक बावीस वर्षांचा तरुण उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसला, विल्लुपुरमला उतरला आणि तेथे गाडी बदलून तिरुकोविलूर या गावी पोहोचला. तेथील डेप्युटी कलेक्टरांना त्याला भेटायचे होते. मागणे अगदी लहान होते: एखाद्या नगरपालिकेत किंवा तालुका कचेरीत कारकुनाची जागा. अशा भेटीस जाणारा उमेदवार बरोबर प्रमाणपत्रे नेतो. या तरुणाजवळ मॅट्रिकच्या पलीकडचे एकही प्रमाणपत्र नव्हते. होती ती एक वही. तिच्यात समीकरणे होती, आणि ती वाचू शकतील अशी माणसे त्या काळी सगळ्या मद्रास इलाख्यात बोटांवर मोजण्याइतकीच होती.

हा तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. त्यांच्या गणितावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज विषय आहे तो त्यांच्या उमेदवारीचा. घर सोडून परगावी जावे, ओळखीच्या माणसाच्या खोलीवर उतरावे, साहेबाच्या दारात उभे राहावे आणि काही आठवड्यांच्या हंगामी जागेसाठी आपण कोण आहोत हे पटवून द्यावे, हा अनुभव लाखो भारतीय तरुणांचा आहे. रामानुजन यांच्या आयुष्यातील दोन-अडीच वर्षे या एकाच उद्योगात गेली. चरित्रकार ही वर्षे भराभर ओलांडतात, कारण पुढे केंब्रिज दिसत असते. तिरुकोविलूरच्या गाडीत बसलेल्या तरुणाला मात्र पुढे काहीच दिसत नव्हते.

प्रथम गावाविषयी. कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांमध्ये वसलेले देवळांचे, रेशमी वस्त्रांचे, पितळी भांड्यांचे आणि विड्याच्या पानांचे गाव. येथील महामहम तलावावर दर बारा वर्षांनी मोठी यात्रा भरते. इंग्रजी अमदानीत कावेरीकाठी सरकारी कॉलेज निघाले. त्या कॉलेजला दक्षिणेचे केंब्रिज म्हणण्याची पद्धत पडली. शिकलेल्या तरुणांना पुरेशा नोकऱ्या देण्याची गावाची ऐपत मात्र नव्हती, म्हणून शिकायचे कुंभकोणमला आणि पोट भरायचे परगावी, असा रिवाजच होता. मराठी वाचकाला याचे एक उदाहरण चांगले ठाऊक आहे. तंजावरच्या मराठी राज्याबरोबर त्या मुलुखात अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली. त्यांपैकी एका कुटुंबात १८२८ साली कुंभकोणम येथे टी. माधवराव जन्मले. तरुणपणी त्यांनी गणित शिकवले, मद्रासच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी केली आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून ते निघून गेले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. अकाउंटंट जनरलची ही कचेरी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोडला, आजोळी झाला. वाढले ते कुंभकोणमच्या सारंगपाणि सन्निधी रस्त्यावरील लहानशा घरात. वडील कापडाच्या दुकानात गुमास्ते होते, पगार महिना सुमारे वीस रुपये. आई कोमलताम्मल देवळात भजने म्हणत, त्याचे चार पैसे घरात येत. शाळेत मुलगा बुद्धिमान गणला गेला आणि १९०४ मध्ये गणिताचे बक्षीस मिळवून, शिष्यवृत्ती घेऊन सरकारी कॉलेजात गेला. मग मात्र गणिताने त्याला असे धरले की इतर विषयांकडे तो पाहीना. परीक्षेत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये तो कोणाला न सांगता विशाखापट्टणमकडे निघून गेला. परत आणल्यावर मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न झाला आणि एफ.ए.च्या परीक्षेत पुन्हा अपयश आले. १९०७ मध्ये बाहेरून बसूनही तेच घडले.

यापुढची तीन वर्षे मुलगा घराच्या ओट्यावर पाटी घेऊन बसे. कागद महाग होता, म्हणून गणित पाटीवर करायचे, कोपराने पुसायचे आणि हाती आलेले फलित तेवढे वहीत उतरवायचे. शेजारीपाजारी काय म्हणत असतील याची कल्पना करणे मराठी घरांतील कोणालाही कठीण जाऊ नये. जुलै १९०९ मध्ये आईने त्यांचे लग्न लावून दिले. वधू जानकी त्या वेळी सुमारे दहा वर्षांच्या होत्या. लग्न म्हणजे जबाबदारी, आणि जबाबदारी म्हणजे नोकरी, हा तर्क त्या काळात वादाचा नव्हता. १९१० च्या जानेवारीत रामानुजन यांच्यावर एक शस्त्रक्रिया झाली. घरात पैसे नसल्यामुळे डॉक्टरांनी ती फुकट केली. त्याच वर्षी मद्रासमध्ये आजारी पडले असता त्यांनी एका मित्राजवळ आपल्या वह्या दिल्या आणि सांगून ठेवले की आपले बरेवाईट झाले तर त्या पचय्यप्पा कॉलेजातील सिंगारवेलु मुदलियार यांना, नाही तर ख्रिश्चन कॉलेजातील प्राध्यापक रॉस यांना द्याव्यात. वारसाला सांगावी अशी दुसरी मालमत्ता त्यांच्याजवळ नव्हती. शिकवण्या धरून पोट भरण्याचा प्रयत्नही झाला, पण परीक्षेपुरते शिकवणे या शिक्षकाला जमत नसे.

अशा स्थितीत ते तिरुकोविलूरला गेले. तेथील डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर हे स्वतः गणिताचे व्यासंगी होते, आणि १९०७ मध्ये पुढाकार घेऊन त्यांनी भारतीय गणित परिषदेची स्थापना केली होती. त्यांनी वही उघडली, पाने उलटली आणि नोकरी देण्याचे नाकारले. महसूल खात्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसवून ही प्रतिभा गुदमरवण्याचे आपल्या मनात नव्हते, असे त्यांनी मागाहून सांगितले आहे. या नकाराचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. पण क्षणभर उमेदवाराच्या जागी उभे राहून पाहावे. ज्याच्या घरी चूल पेटवण्याची विवंचना आहे, त्याला ‘तुझी योग्यता या जागेपेक्षा मोठी आहे’ हे ऐकवणे सोपे असते, आणि ते ऐकून परतीच्या गाडीत बसणे फार अवघड असते. असा नकार आजही अनेकांच्या वाट्याला येतो, आणि बहुधा तो निव्वळ नकारच असतो. रामस्वामी अय्यर यांचे मोठेपण असे की ते नकारावर थांबले नाहीत. त्यांनी मद्रासमधील गणितज्ञ मित्रांच्या नावे पत्रे देऊन रामानुजन यांना पुढे पाठवले.

ही पत्रे ज्या वाटेने गेली ती वाट समजून घेण्यासारखी आहे. शेषु अय्यर, रामचंद्र राव, नारायण अय्यर अशी जी नावे आता येतील, ती सर्व याच गणित परिषदेतील मंडळींची आहेत. परिषद लहान होती. कोणी कॉलेजात शिकवी, कोणी सरकारी अंमलदार, कोणी हिशेबनीस. इंग्लंड-युरोपातील गणिताची नियतकालिके एकट्याला परवडत नसत, म्हणून वर्गणी काढून ती मागवायची आणि टपालाने सभासदांमध्ये फिरवायची, असा या मंडळींचा बेत होता. तिचे ग्रंथालय होते पुण्यास, फर्ग्युसन कॉलेजात, जेथे १८९९ चे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे प्राचार्य होते. संस्था जुन्या चालीची, पैशाने गरीब, पण तिच्या सभासदांना ती वही वाचता येत होती. विद्यापीठाच्या परीक्षांनी ज्याला तीनदा नापास ठरवले, त्याची पारख करण्याचे काम या हौशी मंडळींच्या पदरात पडले.

मद्रासमध्ये रामानुजन पी. व्ही. शेषु अय्यर यांना भेटले. शेषु अय्यर पूर्वी कुंभकोणमच्या कॉलेजात गणित शिकवत असत, त्यामुळे ओळख जुनी होती. त्यांच्याजवळही नोकरी नव्हती. त्यांनी चिठ्ठी दिली ती नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्या नावे. म्हणजे तिरुकोविलूरहून मद्रास, मद्रासहून नेल्लोरच्या कलेक्टरांकडे. दर मुलाखतीच्या शेवटी जागेऐवजी नवे पत्र हाती येत होते.

रामचंद्र राव यांच्याशी झालेल्या भेटीची आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. समोर आलेला तरुण ठेंगणा, स्थूल, दाढी वाढलेला, फारसा स्वच्छ नसलेला. लक्षात राहिले ते त्याचे तेजस्वी डोळे आणि काखेतली झिजलेली वही. कलेक्टरांना गणित येत होते, तरी या वहीपुढे ते गोंधळले. हा माणूस खरा की लबाड, हेच त्यांना ठरवता येईना. एकदा परत पाठवले, पुन्हा बोलावले. येथे मुंबईचाही थोडा संबंध येतो. रामानुजन यांनी मुंबईच्या साल्ढाणा नावाच्या प्राध्यापकांशी पत्रव्यवहार केला होता. त्यांनाही हे गणित पुरते उलगडले नव्हते. परंतु यात लबाडी नाही एवढा भरवसा त्यांच्या पत्रातून मिळत होता. पुढच्या भेटींत रामानुजन यांनी आपल्या सोप्या निष्कर्षांपासून आरंभ करून हळूहळू अवघड प्रदेशात नेले, तेव्हा कलेक्टरांची शंका फिटली. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला: तुला काय पाहिजे? उत्तर असे होते की संशोधन चालू ठेवता येईल इतपत पोटापुरते मिळावे.

या उत्तरात सारी उमेदवारी आली. त्यांनी हुद्दा मागितला नाही, पदवी मागितली नाही, कोणाची प्रशस्ती मागितली नाही. मागितली ती सवड. जगात सर्वांत महाग वस्तू तीच आहे, आणि कोणत्याही कचेरीच्या जाहिरातीत तिच्यासाठी रकाना नसतो. रामचंद्र राव यांनी पदरचे महिना २५ रुपये देऊ केले आणि तालुक्याच्या कचेरीत त्यांना कोंडू नये म्हणून मद्रासलाच राहण्यास सांगितले. १९११ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात बर्नूली संख्यांवरील त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला.

तथापि, दुसऱ्याच्या पैशावर फार काळ राहणे रामानुजन यांना रुचले नाही. शिष्यवृत्ती मिळण्याची चिन्हे नव्हती. १९१२ च्या आरंभी त्यांनी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत हंगामी कारकुनी पत्करली. पगार महिना २० रुपये, मुदत काही आठवड्यांची. माधवरावांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी ज्या कचेरीत नोकरी केली तीच ही. हंगामी माणसाचे एक लक्षण असे की हातातले काम चालू असतानाच तो पुढच्या कामाचा अर्ज लिहीत असतो. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी ट्रिप्लिकेनमधील बिऱ्हाडातून रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टकडे अर्ज केला. तो वाचताना मन थबकते. आपल्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी असल्याचे समजले. आपण मॅट्रिक झालो आहोत, एफ.ए.पर्यंत शिकलो, पण काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही. सगळा वेळ गणितात घालवीत आहोत. जागा मिळाल्यास काम नीट करू, असा त्याचा आशय. जगातील श्रेष्ठ गणितज्ञांत पुढे ज्याचे नाव घेतले गेले त्याचा हा अर्ज, आणि त्यात एकाही शोधाचे नाव नाही. असे अर्ज लाखो लिहिले गेले आहेत. ‘प्रतिकूल परिस्थिती’ या दोन शब्दांत किती नापास परीक्षा, किती आजार आणि किती घरगुती बोलणी दडलेली असतात, हे अर्जदारालाच ठाऊक असते. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. त्यात उमेदवाराची गणितातील कुवत असामान्य असल्याचे म्हटले होते.

१ मार्च १९१२ रोजी रामानुजन पोर्ट ट्रस्टमध्ये हिशेब विभागात महिना ३० रुपयांवर रुजू झाले. तेथे त्यांचे वरिष्ठ एस. नारायण अय्यर हे स्वतः पूर्वी गणिताचे अध्यापक होते. कचेरीचे काम संपले की दोघे पाट्या घेऊन बसत. अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग हे अभियंते होते, आणि नारायण अय्यर यांच्यामुळे त्यांचेही लक्ष या कारकुनाकडे गेले. कामाचा भार बेताचा होता. बंदरावरील मालाच्या बांधणीचे कागद गणितासाठी गोळा केले जात. पत्नी आणि आईही मद्रासला येऊन राहिल्या. चार माणसांसारखे घर मांडले गेले ते या तीस रुपयांवर.

१६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांना लिहिलेले पत्र जगप्रसिद्ध आहे. त्याची सुरुवात मात्र पुन्हा उमेदवाराच्याच चालीची आहे: आपण मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागातील कारकून, पगार वर्षाला २० पौंड, वय सुमारे २३. वस्तुतः वय पंचवीस पूर्ण झाले होते, आणि पौंडाला पंधरा रुपये या त्या वेळच्या दराने ३६० रुपयांचे २४ पौंड होतात. थोर गणितज्ञाने या दोन आकड्यांत चूक करावी, आणि दोन्ही वेळा आपल्याकडे कमीपणा घ्यावा, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे. हार्डींचे उत्तर आल्यानंतर त्यांनी फेब्रुवारीत लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आडपडदा नव्हता. मेंदू शाबूत राखायचा तर आधी पोटात अन्न हवे. तुमच्याकडून सहानुभूतीचे पत्र आले तर विद्यापीठाकडून किंवा सरकारकडून शिष्यवृत्ती मिळण्यास त्याचा उपयोग होईल, असे त्यांनी स्पष्ट कळवले.

त्याच महिन्यात हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले होते. त्यांनी ते काम पाहिले आणि विद्यापीठाला पत्र लिहिले. बी.ए.सुद्धा नसलेल्या माणसाला मद्रास विद्यापीठाने १ मे १९१३ पासून महिना ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. मुदत दोन वर्षांची, आणि अट एवढीच की दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यावा. पोर्ट ट्रस्टने त्यांचा राजीनामा घेतला नाही. बिनपगारी रजा दिली. वृत्ती संपली तर परत येऊन खुर्चीवर बसता यावे, ही सोय त्यात होती. स्प्रिंगसाहेबांचे कार्य सांगताना या रजेचा उल्लेख क्वचितच होतो, पण अशा उमेदवाराला ती पगारवाढीपेक्षा मोलाची होती.

१९१४ च्या आरंभी हार्डींचे सहकारी ई. एच. नेव्हिल व्याख्यानांसाठी मद्रासला आले आणि इंग्लंडला जाण्याचे ठरले. समुद्र ओलांडण्यास घरचा आणि जातीचा विरोध होता. तो कसा मावळला याच्या कथा प्रसिद्ध असल्याने येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. विद्यापीठाने वर्षाला २५० पौंड दिले, तेही आरंभी दोनच वर्षांसाठी, आणि त्यातले ५० पौंड कुंभकोणमच्या घरासाठी राखून ठेवले. १७ मार्च १९१४ रोजी ‘नेवासा’ बोट मद्रासहून सुटली. घरापासून इतक्या दूर हा माणूस पुढे पाच वर्षे राहिला. मुदती मागून मुदती वाढत गेल्या. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे आणि ऑक्टोबरात ट्रिनिटी कॉलेजचे ते फेलो झाले. ट्रिनिटीची ही फेलोशिप सहा वर्षांची होती, वर्षाला २५० पौंड, कामाची कोणतीही सक्ती नाही. आठ वर्षांपूर्वी रामचंद्र राव यांच्यापुढे जे मागितले ते, म्हणजे पोटापुरते अन्न आणि सवड, आता पूर्णपणे मिळाले होते. मद्रास विद्यापीठानेही पाच वर्षांसाठी तितकीच रक्कम मंजूर केली. तोवर प्रकृती मात्र ढासळली होती.

मद्रासच्या या देणगीस उत्तर देताना ११ जानेवारी १९१९ रोजी इंग्लंडमधून त्यांनी विद्यापीठाच्या रजिस्ट्रारांना जे लिहिले, ते त्यांच्या सूत्रांइतकेच वाचण्यासारखे आहे. आपल्या गरजेपेक्षा ही रक्कम जास्त होईल, असे त्यांनी कळवले. आईवडिलांना वर्षाला ५० पौंड द्यावेत आणि आवश्यक खर्च भागल्यावर उरेल ते गरीब आणि अनाथ मुलांच्या शाळेच्या फीसाठी व पुस्तकांसाठी वापरावे, अशी त्यांची इच्छा होती.

२७ मार्च १९१९ रोजी ते मुंबई बंदरात उतरले. आई घ्यायला आली होती. तीन दिवसांनी मद्रासची गाडी धरली. त्या वर्षी काही महिने ते पुन्हा कुंभकोणमला राहिले, आणि १९२० च्या जानेवारीत उपचारांसाठी मद्रासला गेले. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. ट्रिनिटीच्या सहा वर्षांपैकी दीड वर्ष संपले होते.

जानकी अम्मल तेव्हा एकविशीत होत्या. मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना २० रुपयांचे निवृत्तिवेतन दिले. त्या भावाकडे मुंबईला गेल्या, तेथे काही वर्षे राहून शिवणकाम शिकल्या, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासला परतून ट्रिप्लिकेनमध्ये शिवणयंत्रावर स्वतःचा चरितार्थ चालवू लागल्या. शेजारपाजारच्या मुलींना त्या शिवण शिकवत. १९९४ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या.